खिशातली वायर

धम्मपाल सरनं कंप्युटरात बसवाले सराउंडवालं साउंड कार्ड आणलं. पसंत पडलं तरच ठेवाचं होतं.

सर मले म्हणले, "पंढरीभाऊ, याच्यात मागूनबी आवाज येते."

"मागून आला त चौकात मिशी उतरवतो. नाई आला त कार्ड वापस करा."

साऱ्या गल्लीसमोर पैज लागली. म्या गुपचूप मागच्या स्पीकरची वायर काढून खिशात टाकली.

सरनं टेस्ट लावली. त्यातली बाई इंग्रजीत बोले, "फ्रंट लेफ्ट. फ्रंट राइट." मंग माह्या मानेमागून आवाज आला, "रिअर." साऱ्यायनं आयकला.

मले सरचाच संशय आला. दुसरी वायर लावली असन म्हणून म्या मागचा स्पीकर उचलून पाह्यला. वायर नव्हतीच.

"सर, मजाक करून राह्यले का?"

"हारले तुमी. आता रडता काऊन?"

चौकात कटिंगवाल्या लखननं खुर्ची भिंतीले टेकवून मांडली. समोर सारी गल्ली दात काढून राह्यली होती, सरबी त्यातच. लखननं अर्धी मिशी उतरवली.

तवा भिंत अन् माह्या मानेच्या मधातून तीच बाई आपल्या बोलीत हळूच म्हणली, "पंढरीभाऊ, खिशातली वायर दे."