गोड ऐकवणारं यंत्र

इंदुताई कुलथे नाशिकच्या सेवा केंद्रात शिरल्या त्या भांडायच्या तयारीनंच. त्यांच्या कानातल्या श्रवणयंत्रात कंपनीनं न विचारताच नवी सोय घातली होती. कुणी कडू बोललं, की यंत्र ते त्याच माणसाच्या आवाजात गोड करून ऐकवायचं.

"माझा मुलगा हेरंब भांडून निघाला," त्या काउंटरवरच्या तरुणाला म्हणाल्या. "म्हणाला, 'आई, पुन्हा या घरात येणार नाही.' मला ऐकू आलं, 'लवकरच येतो.' मी हसून म्हटलं, 'ये हो.' त्याला वाटलं, मी त्याची थट्टा केली. सुनेनं मेसेज केला तेव्हा मला कळलं. ही सोय बंद करा."

"आजी, बाकीच्या ग्राहकांना आवडलीय ती. बंद करता येत नाही. बसा ना, चहा घेता?"

आवाज मधाळ होता, पण त्याच्या कपाळावर आठ्या होत्या आणि बोट दाराकडे होतं.

इंदुताईंनी यंत्र काढून त्याच्यासमोर ठेवलं. सगळं एकदम शांत झालं.

"ठेवा तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "मी हेरंबकडे चाललेय. काय बोलायचं ते कागदावर लिही म्हणेन. शिव्या असल्या तरी त्याच्या असतील."