आतली कड

धनेश पाटलाने टायर घरूनच पसंत करून ठेवला होता. दापोड्याच्या रस्त्यावर कुमारशेठच्या दुकानापुढे त्याने पिवळी स्पोर्ट्स कार उभी केली आणि मोबाइलवरचा फोटो शेठसमोर धरला. शर्यतीच्या ट्रॅकवरचा टायर होता तो. रुंद, गुळगुळीत, खाचा नावापुरत्याच.

"मागचे दोन्ही बदलायचेत. हेच पाहिजेत. रविवारी मित्रांबरोबर नाशिक हायवेला जायचंय."

"आहेत ना, जोडी आहे," कुमारशेठ खूश होऊन म्हणाले. ट्रक-ट्रेलरच्या या रस्त्यावर असा टायर मागणारं गिऱ्हाईक क्वचितच यायचं. "रंजिता, गाडी वर घे."

रंजिता दुकानातली फिटर होती. अकलोलीच्या पलीकडल्या गावातून रोज यायची. वय तिशीचं, ड्रेसवर खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ती आत जाऊन कुणा पुरुषाला बोलावेल असं धनेशला वाटलं. तिने गाडी लिफ्टवर चढवली.

पान्याला तिने हातच लावला नाही. आधी मागच्या टायरवरून तळवा फिरवला, बाहेरून आत, सावकाश. आतल्या कडेपाशी हात थांबला. तिने बोट बाहेर काढलं तेव्हा टोकावर रक्ताचा थेंब होता.

"दादा, इकडं या. वाकून बघा."

बाहेरून टायर अजून वर्षभर चालेल असा दिसत होता. धनेशने मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. आतल्या कडेचं रबर पार गेलं होतं आणि पोलादी तारा बाहेर आल्या होत्या, तुटलेल्या, बारीक.

"चाकं आतल्या अंगाला झुकलीत. उभ्यानं बघितलं तर कधी दिसणार न्हाय," रंजिता म्हणाली. "आज गाडी कुठं गेली होती?"

धनेशने मोबाइलची बॅटरी बंद केली. सकाळीच त्याने मृणालीला शाळेत सोडलं होतं. सात वर्षांची पोरगी बाजूच्या सीटवर बसून म्हणाली होती, बाबा, अजून जोरात. बायपासवर काटा एकशेवीसला गेला होता.

"मुलीच्या शाळेत," तो म्हणाला.

बोटाला चिंधी गुंडाळून रंजिता आतून नवा टायर घरंगळत घेऊन आली. मात्र चढवण्याऐवजी तिने तो आडवा ठेवला आणि त्याच्या बाजूवर कोरलेले चार आकडे अंगठ्याने पुसले.

"अठराव्या आठवड्यात बनलाय, एकवीस साली. चार वर्षं पडून हाय, दादा. याचं रबर मऊ असतं म्हणून तर तो रस्ता धरतो. आता ते कडक झालंय."

कुमारशेठ गल्ल्यावरून बघत राहिले. रंजिताने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण आवाजही खाली आणला नाही.

"आणि नवा असता तरी मी न्हाय म्हटलं असतं. पावसाचे चार महिने तुम्ही याच रस्त्यानं जाणार. याला पाणी बाहेर टाकायला खाचाच न्हायत. पाण्यावर गाडी तरंगली की ब्रेक दाबा न्हायतर देवाचं नाव घ्या, सारखंच."

समोरून एक ट्रेलर डबक्यातलं पाणी उडवत गेला. धनेशने शेठकडे पाहिलं. आता तिला बोलणी बसणार, असं त्याला वाटलं. कुमारशेठ उठले, टायरजवळ आले, आकडे वाचायला चष्मा वर-खाली केला.

"जोडी विकून टाकायची घाई मला होती," ते म्हणाले. "ती बोलते ते बरोबर आहे. कुठला बसवायचा, रंजिता?"

तिने कागदावर नाव आणि माप लिहून दिलं. खोल खाचांचा, ओल्या रस्त्यालाही धरणारा, वेगातही न डगमगणारा टायर. शेठने कल्याणच्या व्यापाऱ्याला फोन लावला. टेम्पो दुपारपर्यंत येणार होता. रंजिताने मागची दोन्ही चाकं उतरवून ठेवली.

"तोवर जुन्यांवर घरी जाऊन येतो. आमचं वळ गाव काय, इथंच आहे," धनेश म्हणाला.

"हे मी परत लावणार न्हाय," रंजिता म्हणाली आणि पुढच्या ट्रेलरकडे गेली.

धनेश पाटलाची वळमध्ये सहा गोदामं होती. त्याला असं सहसा कुणी सांगत नसे. तो ट्रकच्या जुन्या टायरवर बसून राहिला. दोन-तीन तास तो तिलाच बघत होता. छातीएवढं चाक ती एकटीने उभं करी, खांदा लावून जागेवर आणी. ड्रायव्हर हिंदीत घाई करायचे, ती हिंदीतच त्यांना थांबवायची. प्रत्येक चाकाच्या आत हात घातल्याशिवाय तिने एकही गाडी सोडली नाही.

दुपारी टायर आले. तिने आधी आकडे वाचले, मग ते चढवले, हवा मोजून भरली. मशीनवर अलाइनमेंट केली, चाकांचा झुकाव काढला. प्रत्येक नट स्वतःच्या हाताने आवळला.

"पहिले दोनशे किलोमीटर दमानं चालवा. नव्या रबरावर तेलकट थर असतो."

धनेशने दुसरीकडचं दार उघडलं.

"चला ताई, एक फेरी. काही राहिलं असेल तर तुम्हालाच कळेल."

कुमारशेठने मान हलवली. रंजिताने हात पुसले आणि बसली. गाडी हळू निघाली. धनेशने सवयीने गाणं लावलं. गोदामांची रांग मागे पडली, ओला डांबरी रस्ता सरळ पुढे गेला. त्याने बाजूला पाहिलं. तिने डोळे मिटले होते आणि डोकं थोडं मागच्या चाकाकडे कललं होतं.

"घाबरलात काय?"

"न्हाय. रस्ता तुम्ही बघा, दादा. मी टायर ऐकते."

धनेशने गाणं बंद केलं.