पाठमोरी

"काजळवीज कधी एवढी गोरी होती का?" सोलापुरातल्या पहिल्याच खेळाला बसलेली राजश्री धुसफुसत होती. लहानपणी भाड्यानं आणून वाचलेल्या कॉमिक्समधली तिची लाडकी काजळवीज तिच्यासारखीच काळीसावळी होती. पडद्यावरची नटी मात्र पिठात लोळवून काढल्यासारखी पांढरी.

"मग मला कशाला ओढत आणलंस?" शेजारच्या गोदावरीकाकू म्हणाल्या. "तिकिटं तूच काढलीस की."

तेवढ्यात काजळवीज पुलाच्या कठड्यावर चढली. ती पाठमोरी झाली तसं राजश्रीनं काकूंचं मनगट घट्ट पकडलं. काजळविजेनं खाली झेप घेतली, धावत्या ट्रकच्या टपावर आदळली, घरंगळली आणि डाव्या गुडघ्यावर रस्त्यात पडली.

"सोड की गं, नखं रुतायलीत," काकू कळवळल्या. "सिनेमा हाय तो."

नटीनं उठून चेहरा दाखवला आणि हॉल शिट्ट्यांनी दणाणला. राजश्रीचे हात मात्र मांडीवरच राहिले.

सिनेमा संपला, लोक उठले, तरी ती जागची हलेना. पडद्यावरून नावं सरकत होती. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, नटीच्या जागी उड्या मारणाऱ्यांची नावं आली. त्यातलं एक वाचून तिनं डोळे पुसले आणि मुंबईला लेकीला फोन लावला.

"संघप्रिया, नाव आलंय बघ तुझं. गुडघा कसाय?"



"गुडघा अजून धरतो, आई. अंगाला फासलेला गोरा रंग तेवढा त्याच दिवशी धुऊन निघाला."