पुन्हा २००९

‘या संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र ग्राह्य नाही.’ शुक्रवारी सकाळीही पडद्यावर तोच लाल इशारा आला, तेव्हा हाचिपोलांनी माऊस टेबलावर आपटला.

त्या इशाऱ्यामागे त्यांच्या मुलीचा, लुयांदोचा, परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला होता. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. चोमा गावच्या टपाल कार्यालयात तीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाला मुदत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

या इशाऱ्याचं कारण सोमवारीच कळलं होतं. संगणकाची तारीख घसरून २००९ व्हायची, आणि मग त्याला आजची सगळीच प्रमाणपत्रं खोटी वाटायची. आतली चपटी बॅटरी संपलीय, म्हणत दुरुस्तीवाल्या काबुंदाने नवी घातली. मंगळवारी पुन्हा २००९. हाचिपोलांनी त्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याला झापलं. बुधवारी दुसरी बॅटरी, गुरुवारी तिसरी, तीही काबुंदाच्या स्वतःच्या संगणकातली. तो संध्याकाळी नीट करून जायचा, तेव्हा लुयांदो शाळेतून दमून आलेली असायची. सकाळी पाठवू, ताता, म्हणायची वडिलांना. गावातल्या पहिलीच्या वर्गाला ती शिकवत होती. हाचिपोला त्याला नोकरी मानत नव्हते.

आज दुपारी काबुंदा स्वतःच चिडून आला. बॅटरी तपासली, ठणठणीत निघाली. मग त्याने संगणकाने ठेवलेली नोंद उघडली आणि बराच वेळ बघत राहिला.

“तारीख आपोआप गेलेली नाही,” तो म्हणाला. “प्रत्येक वेळी पहाटे पाचला कुणीतरी हाताने बदललीय.”

बायको महिनाभर लुसाकाला बहिणीकडे. घरात दोघंच. पाचला उठणारी एकटी लुयांदो.

काबुंदाने वडीलधाऱ्याशी बोलावं तसं हळूच विचारलं, “ताता, तिला जायचंय ना?”

“म्हणजे काय,” म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण शब्द निघाले ते वेगळेच. “विचारलं नाही कधी.”

काबुंदाने तारीख नीट केली, ती कुठून बदलायची ते त्यांना दाखवलं, आणि निघून गेला.

साडेचारला लुयांदो आली. बाहीला खडूची भुकटी लागलेली. पडद्यावर पूर्ण भरलेला अर्ज उघडा होता, फक्त ‘पाठवा’ दाबायचं राहिलं होतं. ती उभ्या जागी थबकली.

“झालं नीट?”

“झालं. तू आधी चहा टाक.”

ती आत गेली. कितीतरी वेळ पातेल्याचाही आवाज आला नाही. पाचला वीस मिनिटं होती. हाचिपोलांनी चष्मा पुसला आणि कोपऱ्यातल्या तारखेवर, काबुंदाने दाखवलं होतं तसंच, टिचकी मारली.

“लुयांदो,” त्यांनी आठवडाभराच्याच वैतागलेल्या आवाजात हाक दिली, “या डबड्याने घात केला बघ. पुन्हा २००९.”