निवडलेल्या तिसऱ्या

“आजी, अहवालात लिहिलंय की खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्यांना धोका नाही,” प्रदूषण तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

“मग आमच्या काय हसून हसून मेल्या?” बाजारात तिसऱ्या विकणाऱ्या पोशीबाई कडाडल्या. कारखान्याचं पाणी खाडीत यायला लागल्यापासून अर्धी टोपली मेलेलीच निघत होती. तक्रारीच्या अर्जावर पहिला अंगठा त्यांचाच होता.

“पण तुम्ही दिलेल्या नमुन्यात एकही मेलेली नव्हती.”

“असेल कशी? मेलेल्या मी फेकल्या. उरलेल्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या, तीनदा पाणी बदललं. या पोशीच्या हातून घाण माल जात नाही, बाय!”

कारखान्याला आपणच सोडवलं, हे पोशीबाईंना मॅडमच्या तोंडाकडे बघून कळलं. “नमुना पुन्हा घेऊ,” मॅडम म्हणाल्या. “निघेल तसाच द्या.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पोशीबाई चिखलात उतरल्या आणि हाताला आलं ते भरलं. मेलेलं, काळं, तेलकट. सून कळशी घेऊन धावत आली, तर डाफरल्या, “धुशील तर बघ!”

टोपली मॅडमच्या हाती देण्याआधी मात्र आजूबाजूला कोणी ओळखीचं गिऱ्हाईक नाही ना, हे त्यांनी दोनदा पाहून घेतलं.