बशीवरचं नाव

हेमांगीनं मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. बशीतली कालची एक पेशी आज दोन झाली होती. शेजारचीही.

प्रयोगशाळेतल्या बशांवर नुसते आकडे असतात. या एकीवर तिनं नियम मोडून ‘आई’ असं लिहिलं होतं. आईच्या छातीतून काढलेल्या पाण्यातल्या या कॅन्सरच्या पेशी. पेशीला दुभंगायचा हुकूम एक प्रथिन सोडतं; आईची गोळी त्या प्रथिनाचा हात धरून ठेवते. तीच गोळी हेमांगी बशीतही घालत होती, आईनं ती सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून, आईच्या शरीरात पुढे काय होणार ते महिनाभर आधी कळावं म्हणून. तीन महिने पेशी निपचित होत्या. आता त्या गोळीला जुमानेनाशा झाल्या होत्या.

फोन वाजला.

“अगं, आज दोन जिने चढले, धाप नाही लागली! गोळी लागू पडली बघ,” आई सांगत होती. “आता उन्हाळ्यात सांडगे घालू आपण.”

“उन्हाळ्यात कशाला? मी उद्या येते, उद्याच घालू.”

“वेडी की काय? पौषात कुठलं ऊन?”

हेमांगीनं बशीवर झाकण ठेवलं.

“असेल तेवढ्या उन्हात घालू, आई.”