खोडलेला परिच्छेद

दानित्सा ऑनलाइन ज्ञानकोशाच्या इतर संपादकांशी दोन आठवडे वाद घालून थकली होती. अखेर आज तिने त्यातल्या 'सर्बियन सिनेमा' या लेखातून परदेशी सिनेमांतल्या सर्ब खलनायकांचा परिच्छेद काढून टाकला.

"ते आपले सिनेमे नाहीतच, बाबा. त्यांनी तिकडे बसून आपल्याला खाटीक ठरवायचं, आणि आपण ते आपल्याच लेखात मिरवायचं?"

"बरोबर आहे तुझं." वडिलांनी पेल्यातला कॉफीचा गाळ हलवला. "असला खाटीक होऊन बावीस सिनेमांत मेलो मी. सगळे त्यांचेच. इथे कुणी बोलावलंच नाही कधी."

दानित्साने लॅपटॉप मिटून त्यांच्याकडे पाहिलं.

"मी गेल्यावर बिल्डिंगच्या दारावर मृत्यूचं पत्रक चिकटवशील ना, त्यात फोटोखाली 'नट' नको लिहूस हं. तुझ्यासारखं कुणीतरी येऊन खोडेल."